प्राणिसंग्रहालयांनी नेमके कोणाला वाचवायचे?

वेताळटेकडी (मूळ लेख)

नमस्कार.

प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत, या प्रश्नावर आपल्याकडची चर्चा फार लवकर दोन टोकांना पोहोचते. मुक्या जिवाला कोंडणे हा अन्यायच आहे, असे एक बाजू म्हणते. जंगले संपत चालली असताना वन्यप्राणी तिथेच सुरक्षित आहेत, असे दुसरी बाजू म्हणते. मला हा प्रश्न संस्थेबद्दल न विचारता एकेका प्राण्याबद्दल विचारावासा वाटतो. समोरच्या खंदकापलीकडे जो प्राणी उभा आहे, तो इथे का आहे, आणि त्याच्या इथे असण्याने रानातल्या त्याच्या भाऊबंदांचे काय भले होते? या प्रश्नाला काही प्राण्यांच्या बाबतीत उत्तम उत्तर मिळते, आणि बहुतेकांच्या बाबतीत मिळत नाही.

उत्तम उत्तराचे उदाहरण म्हणून गिधाड घेतो. १९९०च्या दशकात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या अशी कोसळली की पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक पक्षी नाहीसे झाले. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांचीही तीच गत झाली. सुरुवातीला रोगाचा संशय होता. पाकिस्तानात झालेल्या शवविच्छेदनांतून खरे कारण सापडले आणि ते २००४ साली प्रसिद्ध झाले: गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि युरिक आम्ल अवयवांवर साचून पक्षी मरतो. शंभर मृत जनावरांत एखाद्यातच हे औषध असले तरी एवढा संहार होऊ शकतो, कारण एका मढ्यावर गिधाडांचा मोठा थवा उतरतो. त्यातच गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचएक वर्षे लागतात, त्यामुळे झालेली हानी आपोआप भरून येण्याची शक्यता नव्हती.

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथले वनखाते यांनी २००१ साली सुरू केलेले केंद्र पुढे या तिन्ही जातींचे प्रजनन केंद्र झाले. तिथे जोडीचे पहिले अंडे काढून यंत्रात उबवतात, त्यामुळे ती जोडी पुन्हा अंडे घालते आणि वर्षाला एकाऐवजी दोन पिल्ले मिळू शकतात. हे सारे कौशल्याचे काम आहे. परंतु २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली नसती, तर तिथे वाढलेले प्रत्येक पिल्लू सोडल्यानंतर पहिल्याच विषारी मढ्यावर मेले असते. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. गिधाडांना तितकीच घातक असलेली कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधे जनावरांसाठी वर्ज्य व्हायला २०२३ उजाडले. पिंजोरमध्ये जन्मलेली गिधाडे मोकळ्या आकाशात सोडली गेली ती २०२० साली, आणि २०२४च्या सुरुवातीला तिथली गिधाडे आपल्या पेंच आणि ताडोबात आणली गेली. केंद्र सुरू झाल्यापासून इतकी वर्षे गेली, याचे कारण पिंजऱ्याबाहेरचे काम पिंजऱ्यातल्या कामापेक्षा कठीण होते.

यातून माझे मत बनले आहे ते असे. बंदिस्त प्रजनन हा जातीला वेळ मिळवून देण्याचा मार्ग आहे. त्या मिळालेल्या वेळात बाहेरचे मरणाचे कारण कोणी दूर करत असेल, तरच प्राण्याला कोंडण्याचे समर्थन होऊ शकते.

आता याच मापाने पांढरा वाघ मोजून पाहावा. रेवा संस्थानात १९५१ साली पकडलेल्या ‘मोहन’ नावाच्या बछड्यापासून ही पैदास सुरू झाली, आणि पांढरा रंग टिकवण्यासाठी बापाचा मुलीशी संयोग घडवण्यात आला. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. तो एका अप्रभावी जनुकाचा परिणाम आहे. निकटच्या नात्यातील संकरामुळे तिरळेपणासारखे दोष त्या वंशात उतरले. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना ही पैदास थांबवायला सांगितली. आपल्याकडे मात्र पांढरा वाघ आला की आजही बातमी होते आणि तिकीटखिडकीवर रांग लागते. चंदीगडजवळच्या छतबीरमध्ये आफ्रिकी आणि आशियाई सिंहांचा संकर होऊन तयार झालेला कळप तर शेवटी प्रजनन थांबवून वयोमानाने संपू द्यावा लागला, कारण ते सिंह गीरच्या वंशाला निरुपयोगी होते. कोणाचे आईबाप कोण, याची नोंद, म्हणजे स्टडबुक, काटेकोरपणे न ठेवल्याचा तो परिणाम होता आणि त्याची शिक्षा सिंहांनी भोगली.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येईनासे झाले. त्यामुळे पूर्वीच्या अनेक खुराड्यांना टाळे लागले, हे मान्य करायलाच हवे. १९९८च्या राष्ट्रीय धोरणात संवर्धन हे मुख्य उद्दिष्ट म्हणून लिहिलेले आहे. ते उद्दिष्ट आणि प्रत्यक्षातील प्राण्यांची यादी यांत जे अंतर दिसते, त्यावर इथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

शमी

लेख आवडला, पण प्रश्न जरा अरुंद केला आहे असे वाटते. मी मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी चिमणी, कावळा, कबुतर आणि भटकी कुत्री यांच्यापलीकडे कोणताही प्राणी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. राणीच्या बागेत पाणघोडा पाण्यातून डोके वर काढतो तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो पडद्यावर पाहून कधी निघत नाही. हे शिक्षण मोजता येत नाही म्हणून ते शून्य धरू नये.

मात्र शिक्षण व्हायचे असेल तर माहिती खरी आणि पुरेशी हवी. पेंग्विन आणले तेव्हा ‘बर्फातले प्राणी मुंबईच्या उकाड्यात’ असा ओरडा झाला आणि मुलेही तेच म्हणत होती. २०१६ साली सेऊलहून आलेले हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत. त्यांना बर्फ लागत नाही, पण थंड समुद्रप्रवाहाची सवय असल्याने वातानुकूलित दालन लागते. किनाऱ्यावर शतकानुशतके साचलेल्या विष्ठेच्या थरांत ते बिळे करून अंडी घालतात, आणि खतासाठी ते थर खणून नेल्यामुळे त्यांची घरटीच गेली. माणूस खत खणतो आणि पेंग्विन बेघर होतो, ही गोष्ट मी काचेसमोर उभी राहून सांगितली तेव्हा दुसरीतल्या मुलांनी विचारलेले प्रश्न मोठ्यांनी विचारावेत असे होते. पण ती मला स्वतः वाचून जावी लागली होती.

पाणवठा

मी पशुवैद्य असून काही वर्षे एका प्राणिसंग्रहालयात काम केले आहे. धागाकर्त्यांनी जातीच्या संवर्धनावर सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी एकेका प्राण्याच्या सुखदुःखाबद्दल लिहितो, कारण विषयात ते दोन्ही आहे आणि ते एक नाही.

प्रेक्षक ज्या गोष्टींवरून हळहळतात त्या बऱ्याचदा क्रूरतेच्या नसतात. वाघ-बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. रानात त्यांना रोज शिकार मिळत नाही आणि रोज तेवढेच मांस दिल्यास ते लठ्ठ होतात. त्या दिवशी आलेले लोक ‘उपाशी मारतात’ अशी तक्रार लिहून जातात. पुण्यात आणि मुंबईत बुधवारी बाग बंद असते, तेव्हाही काहींचा हिरमोड होतो. पण गोंगाटाविना मिळणारा तो एक दिवस प्राण्यांच्या वागण्यात स्पष्ट दिसतो.

याउलट जे खरे दुखणे आहे, ते पाहून लोक हसतात. गजाच्या कडेने ठरावीक रेषेवर, ठरावीक ठिकाणी वळत तासन्‌तास येरझारा घालणारे अस्वल ‘नाचते आहे’ असे लोकांना वाटते. हे यांत्रिक, निरर्थक वर्तन दीर्घकाळच्या कोंडीचे लक्षण आहे. २००३ साली रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी मांसभक्षी प्राण्यांची तुलना केली, तेव्हा रानात ज्यांचा वावर जितका विस्तीर्ण, त्यांच्यात बंदिवासात येरझारा आणि पिल्लांचे मृत्यू तितके जास्त, असे आढळले. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक वावरक्षेत्राच्या दहा लाखांश भागाएवढी भरते. म्हणजे काही जातींच्या बाबतीत पिंजरा कितीही सुधारला तरी तो पुरणार नाही. त्या जाती न ठेवणे हाच उपाय आहे.

इतर अनेक जातींच्या बाबतीत मात्र सुधारणेला खूप वाव आहे आणि ती महाग असतेच असे नाही. अस्वलाला थाळीत खाणे देण्याऐवजी ओंडक्याच्या भोकांत मध भरून ठेवला की त्याचा अर्धा दिवस कारणी लागतो. माकडांचे खाणे गवतात विखरून टाकले की ती शोधत राहतात. बिबट्याला उंचावर बसायला मचाण आणि नजरेआड व्हायला आडोसा दिला की त्याची अस्वस्थता कमी होते, मग प्रेक्षकाला तो दिसला नाही तरी चालेल. पूर्वी रक्त घ्यायचे तर जनावराला दाबपिंजऱ्यात अडकवावे लागे किंवा भूल द्यावी लागे. आता अनेक ठिकाणी वाघाला मांसाचे तुकडे देत देत अशी सवय लावतात की तो आपणहून जाळीला टेकून बसतो आणि शेपटीतून रक्त घेऊ देतो. हे काम कीपर करतो, डॉक्टर नाही. ज्याच्या हातून प्राणी निर्धास्तपणे खातो, तो कीपर बऱ्याच ठिकाणी कंत्राटी असतो आणि त्याची बदली कधी होईल याचा भरवसा नसतो. नव्या प्रवेशद्वारावर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा जरी या माणसांच्या प्रशिक्षणावर आणि कायम नोकरीवर झाला, तरी प्राण्यांचे दिवस बदलतील.

करवंद

पाणवठा, तुमचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले, परंतु त्यातूनच माझी मूळ हरकत अधिक घट्ट होते. जात वाचवण्याच्या नावाखाली एकेका प्राण्याचे अख्खे आयुष्य खर्ची पडते आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

हत्तींचे पाहा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचे मध्यमान आयुष्य १६.९ वर्षे होते, तर केनियातील अंबोसेलीमध्ये नैसर्गिक कारणांनी मरणाऱ्या हत्तिणींचे ५६ वर्षे. अन्न, औषध, सुरक्षितता सारे असून हा फरक पडत असेल, तर तिथे काहीतरी मूलभूत चुकते आहे. आपल्या प्राधिकरणाने २००९ साली प्राणिसंग्रहालयांतले हत्ती वनखात्याच्या छावण्यांत हलवण्याचा आदेश काढला, हे योग्यच झाले. तो पूर्णपणे अमलात मात्र आला नाही.

आणि २०१४ साली कोपनहेगनमध्ये मारियस नावाच्या तरुण, निरोगी जिराफाला मारले, ते कोणत्या नियमाने? त्याची जनुके पैदाशीच्या कार्यक्रमात आधीच पुरेशी होती, म्हणून तो जास्तीचा ठरला. जात नावाची कल्पना जगवायची आणि जातीतला जिवंत जीव मारायचा, हे मला कधीच पटणार नाही.

वेताळटेकडी

करवंद, हत्तींबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या लेखातले माप लावले तरी हत्ती त्यात बसत नाही: भारतात हत्तीचे संकट जागेचे आणि वाटांचे आहे, आणि बंदिस्त हत्तींमुळे एकही वाट मोकळी होत नाही.

मारियसच्या बाबतीत मात्र दोष आधीच्या निर्णयात शोधावा लागतो. ज्या पिल्लाला पुढे जागा नाही, ते जन्मू द्यायचेच का? डेन्मार्कमधल्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की पिल्ले वाढवणे हा आईच्या नैसर्गिक आयुष्याचा भाग आहे आणि गर्भनिरोधकांचे दुष्परिणाम होतात. ते म्हणणे प्रामाणिक असेल, पण मला पुरेसे वाटत नाही. नर-मादी वेगळे ठेवणे, नसबंदी करणे हे मार्ग आपल्याकडे वापरले जातात आणि ते वापरावेत.

एका मुद्द्यावर आपला मतभेद राहील. १९७२ साली ओमानमध्ये रानातला शेवटचा अरबी ओरिक्स (वाळवंटात राहणारा, लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी) मारला गेला, तेव्हा दहा वर्षांपूर्वी पकडून अमेरिकेत फिनिक्सला नेलेल्या मोजक्या ओरिक्सांचा वंश शिल्लक होता. त्यांनाही कोणी विचारले नव्हते. त्यांचे वंशज १९८२ साली ओमानच्या वाळवंटात परतले. पुढे तिथे पुन्हा चोरटी शिकार झाली आणि अभयारण्याचे क्षेत्र इतके घटवले गेले की २००७ साली जागतिक वारसा यादीतून ते काढून टाकावे लागले. तरीही अन्य देशांतल्या कळपांमुळे २०११ साली ही जात धोक्याच्या एक पायरी खाली आली. त्या मूठभर प्राण्यांचे स्वातंत्र्य हिरावले गेले नसते तर आज ओरिक्स नसता. मला हा सौदा मान्य आहे, पण तो क्वचितच, आणि परतीची वाट आखूनच करावा.

कुकडीकाठ

मी जुन्नर तालुक्यातला. इथे प्राणिसंग्रहालय नाही, माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आहे, पण प्रश्न तोच आहे. उसात बिबट्या जन्मतो, उसात वाढतो, आणि माणसावर हल्ला झाला की गाव पिंजऱ्याची मागणी करतो. ज्याच्या घरातले मूल गेले त्याच्यासमोर संवर्धनाची भाषा बोलता येत नाही, हे शहरातल्या वाचकांनी समजून घ्यावे.

तरीही अनुभव असा आहे की २००१ ते २००३ या काळात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडल्यावर हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभ्यासून मांडले आहे. एक नर उचलला की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे येतात आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो. म्हणून पकडलेला बिबट्या सोडता येत नाही, आणि केंद्र भरत जाते. बंदिवासात दोन-दोन दशके जगू शकणाऱ्या या जनावरांनी कोणत्याही प्रजनन कार्यक्रमाला हातभार लागत नाही. ती आपल्या अडचणीची किंमत चुकवत आहेत.

यात एक चांगली गोष्टही आहे. ऊसतोडीच्या वेळी फडात बछडी सापडतात. पूर्वी ती उचलून केंद्रात जात आणि जन्मभर तिथेच राहत. आता वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे डॉक्टर त्यांची तपासणी करून त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. हे मी बांधावरून पाहिले आहे. तोडकऱ्यांनी कोयता थांबवून फोन केला, एवढ्यावर दोन जिवांचा जन्मभराचा पिंजरा टळला.

पश्चिमकिनारा

कॅलिफोर्नियातून लिहीत आहे. गिधाडांवरचे वाचून इथल्या कॉंडर या गिधाडासारख्या मोठ्या पक्ष्याची गोष्ट जोडावीशी वाटली, कारण ती जवळजवळ जुळी आहे. १९८७ साली रानातला शेवटचा कॉंडर पकडला, तेव्हा जगात या जातीचे २७ पक्षी होते आणि सर्व बंदिस्त होते. तेव्हाही त्यांना सन्मानाने रानातच मरू द्यावे, असे म्हणणारे निसर्गप्रेमी होते. सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिस येथील प्राणिसंग्रहालयांत पिल्लांना कॉंडरच्या डोक्यासारखी बाहुली हातात घालून भरवत, म्हणजे त्यांना माणसाचा लळा लागू नये. १९९२पासून सोडायला सुरुवात झाली. सोडलेले पक्षी विजेच्या खांबांवर बसून मरू लागले, तेव्हा मोठ्या पिंजऱ्यात नकली खांब उभारून त्यावर बसल्यास सौम्य झटका बसेल अशी शिकवण दिली गेली. आज एकूण संख्या ५००च्या वर आहे आणि निम्म्याहून अधिक मोकळे आहेत. पण शिकाऱ्यांच्या गोळीतील शिसे मृत प्राण्याच्या मांसातून त्यांच्या पोटात जातच राहते. शिशाच्या गोळ्यांवर राज्यात पूर्ण बंदी २०१९ साली आली. सोडलेल्या पक्ष्यांना आजही पुन्हा पकडून रक्त तपासावे लागते.

माळवाट

सोलापूरचा आहे, म्हणून माळढोकबद्दल विचारतो. राजस्थानात जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा येथे २०१९पासून रानातली अंडी गोळा करून पिल्ले वाढवली जात आहेत, आणि २०२४ साली कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मले. आमच्या नान्नजचे अभयारण्य १९७९चे, माळढोकसाठीच झालेले. तिथे आता हा पक्षी दिसणे दुर्मीळ झाले आहे. उद्या राजस्थानातून पक्षी मिळाले तर ते इथे सोडता येतील का?

वेताळटेकडी

माळवाट, तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर, माझ्या मते, ‘आज नाही’ असे आहे. माळढोक जड अंगाचा पक्षी, त्याला समोरचे कमी दिसते, आणि उडताना विजेची तार ऐनवेळी चुकवता येत नाही. राजस्थानात याच तारा जमिनीखाली घालण्यावरून सर्वोच्च न्यायालयात वाद गेला. २०२१ साली कडक आदेश झाला आणि २०२४ साली सौरऊर्जेच्या गरजेचा विचार करून तो शिथिल केला गेला. सोलापुरातही माळावर तारा आहेत, भटकी कुत्री आहेत, आणि जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला कुत्र्यांइतका मोठा शत्रू नाही. शिवाय महसुली दप्तरात माळ ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो, म्हणून झाडे लावायला किंवा प्रकल्पाला तोच पहिला दिला जातो. गवताळ माळावर झाडे लावणे माळढोकला घरातून हाकलण्यासारखेच आहे.

त्यामुळे पक्षी मागण्याआधी नान्नज परिसरातील तारांचा आराखडा, कुत्र्यांचा बंदोबस्त आणि गवत राखण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला, या मागण्या जिल्ह्यातून जाणे गरजेचे आहे. राजस्थानातल्या केंद्रांत पिल्ले तयार होत आहेत, आणि त्यातली काही कधीतरी सोडण्यायोग्य होतील. तोवर सोलापूरचा माळ तयार असला तर मागणी करता येईल. तुमच्याकडे तिथल्या वीजवाहिन्यांच्या मार्गांची माहिती असेल तर इथे द्या. कुकडीकाठ, तुम्ही बछड्यांच्या पुनर्भेटीवर स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.